तात्यांनी राखून ठेवलेला निकाल

तात्यांना नेमकं काय कळायचं, हे मला अजून कळलेलं नाही. मी निरवांगीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, बारामतीहून रोज एसटीनं जाऊन-येऊन. त्या सगळ्या वर्षांत आसपासच्या गावांत अशी एक स्पर्धा झाली नाही, जिथं पंचाच्या खुर्चीवर तात्या नव्हते. कुस्ती असो, भजन असो, रांगोळी असो, गाईच्या दुधाची असो, पाककलेची असो. आता पाककलेला तात्या कशाला, सांगा! घरी आमटीत मीठ कमी पडलंय का जास्त, हे ज्यांना बायकोला विचारावं लागायचं, ते गावभरच्या पुरणपोळ्यांचे पंच.

पण बोलवायचे सगळे त्यांनाच. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, खिशात चष्मा. तो चष्मा मी कधी डोळ्यांवर पाहिला नाही. खुर्चीत बसले की चप्पल काढून खुर्चीखाली सारायचे आणि निकाल लागेपर्यंत चहाच काय, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. "कुणाच्या घरचं पोटात गेलं की जीभ तिकडं वळती," म्हणायचे. निकाल लागला की मात्र लागोपाठ तीन कप चहा, बशीत ओतून. अडचणीत आले की डाव्या कानाची पाळी ओढायचे. फारच अडले तर दोन्ही कानांच्या.

आणि त्यांची निकाल द्यायची रीत अशी, की ते स्वतः निकाल द्यायचेच नाहीत. हरलेल्याकडून वदवून घ्यायचे. एकदा पणदऱ्याच्या बाजूला कुस्तीच्या फडात पाठ लागली की नाही यावरून दोन गावं हमरीतुमरीवर आली. तात्या लाल मातीत खाली बसले आणि पडलेल्या पैलवानाला विचारलं, "लेकरा, लागली का पाठ?" तो गप्प. तात्याही गप्प. लोक ओरडतायत, हलगी थांबलीय, तात्या त्याच्या तोंडाकडं बघत बसलेत. बऱ्याच वेळानं तो मान खाली घालून म्हणाला, "लागली तात्या." झाला निकाल. हूं की चूं नाही कुणाचं.

रांगोळीला तेच. प्रत्येक पोरीला बाजूला घेऊन विचारायचे, "तुज्यापरीस कुणाची बरी झालीया?" पोरी लाजत लाजत एकमेकींची नावं सांगायच्या. जिचं नाव जास्त वेळा आलं ती पहिली. मला तर ही सरळसरळ कामचुकारी वाटायची. मी एकदा तोंडावर म्हटलंसुद्धा, "तात्या, हे म्हणजे परीक्षेचे पेपर पोरांनाच तपासायला दिल्यासारखं झालं." ते म्हणाले, "बाई, मला रांगोळीतलं काय कळतंय? ज्यांनी काढलीया त्यास्नी कळतंय."

ही रीत पहिल्यांदा साफ फसली, ती सुदृढ बालक स्पर्धेत. एकाही आईनं दुसरीच्या पोराचं नाव घेतलं नाही. तात्यांनी दोन्ही कान ओढले, "आलोच जाऊन," म्हणाले आणि जे गेले ते थेट घरी. पोरं तिथं दुपारपर्यंत रडत होती. शेवटी सगळ्यांना एकेक झबलं देऊन मिटवावं लागलं.

आणि दुसऱ्यांदा फसली ती त्यांच्या स्वतःच्या घरी.

आमचा एसटीचा थांबा तात्यांच्या वस्तीसमोरच होता. गाडीची वाट बघत मी ताराकाकूंच्या, म्हणजे तात्यांच्या मंडळींच्या हातचं ताक पीत बसायचे. त्यामुळे घरातलं सगळं आपोआप कळायचं. अंगण एक, दारं दोन. एका दारात थोरला संपत, दुसऱ्यात धाकटा दत्ता. मध्ये गोठा, गोठ्यात चंद्री नावाची म्हैस. विहीर एक, मोटार एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. संपतचा ऊस, दत्ताचं डाळिंब. एका वर्षी डाळिंब ऐन फुलात असताना संपतनं कॉक फिरवून पाणी उसाला घेतलं. संपत म्हणतो, दत्ताची पाळी संपली होती. दत्ता म्हणतो, संपली नव्हती. फुलं गळायची ती गळली. त्या दिवशी बांधावर दोघं काय बोलले असतील ते असतील, त्यानंतर चार-पाच वर्षं बोललेच नाहीत. दत्ताच्या तोंडून 'दादा' हा शब्द गेला. भावाला तो 'पलीकडचा' म्हणायला लागला.

बोलायचे नाहीत, पण ऐकवायचे. आणि ऐकवायचं कुणाला, तर चंद्रीला. सकाळी संपत वैरण टाकताना मोठ्यानं म्हणायचा, "का गं चंद्रे, चोराच्या उलट्या बोंबा म्हणत्यात त्या ह्याच का?" की गोठ्याच्या पलीकडून दत्ता पेंड भिजवता भिजवता, "चंद्रे, पलीकडच्याला सांग, दुसऱ्याचं पाणी पिऊन ऊस गोड हुत न्हाय म्हणावं." मग दोन्हीकडून जे सुरू व्हायचं ते मी इथं लिहू शकत नाही. लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार. चंद्री आपली रवंथ करत मध्ये उभी. एवढ्या शिव्या कुठल्या म्हशीनं खाल्ल्या नसतील.

पाहुणेरावळे समजूत घालायला यायचे. दोघंही एकच म्हणायचे, "तात्यांनी निकाल द्यावा. माजं चुकलं म्हणाले तर मी पाय धरतो." तात्यांनी आपल्या रीतीप्रमाणं संपतला विचारलं, "तुजं काय चुकलं?" "माजं काय बी न्हाय." दत्ताला विचारलं. "माजं काय बी न्हाय." हरलेला कबूल झाल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, आणि हरलेला कोणी नाहीच. तात्या म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय."

"बाई, काय करायचाय असला पंच?" ताराकाकू मला म्हणायच्या. "सकाळची भाकरी थोरल्याकडं खाती, सांजची धाकल्याकडं. दोन्हीकडं घास उतरत न्हाय. उद्या मला खांदा द्यायला तरी दोगं एका बाजूला हुबं राहत्याल का?" हे ऐकून मला तात्यांचा मनापासून राग यायचा. अहो, बाप ना तुम्ही? एकाला बोला, दुसऱ्याला बोला, दोघांच्या एकेक थोबाडीत द्या, पण काहीतरी करा! ते कानाची पाळी ओढत विहिरीकडं बघत बसायचे.

आता मुख्य गोष्ट. गावातल्या तरुण मंडळाचा दरवर्षीचा ऑर्केस्ट्रा असायचा. त्या वर्षी मंडळाच्या विकीनं वेगळंच डोकं चालवलं. हा पुण्यात शिकायला. तिथं त्याची दोन परदेशी रॅप गाणाऱ्यांशी ओळख झाली. एक केनियाचा, ताडमाड उंच. एक इंग्लंडचा, बुटका, छातीपर्यंत दाढी. पुण्यातला त्यांचा कार्यक्रम संपला होता आणि हातात दोन दिवस रिकामे होते. भिगवणला रोहित पक्षी दाखवतो, डाळजला हायवेवर मासे खाऊ घालतो, असं सांगून विकीनं त्यांना गाडीत घातलं आणि आमच्या शाळेच्या मैदानावर आणलं. चौकात फ्लेक्स लागला: 'आंतरराष्ट्रीय रॅप महायुद्ध'. खाली दोघा पाहुण्यांचे फोटो आणि त्यांच्याहून मोठा विकीचा फोटो.

पंच कोण? तात्या. हे विचारायचंसुद्धा काम नव्हतं. आणि इंग्रजी कळायला हवं म्हणून मी. मी नाही म्हणत होते, पण मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"बाई," तात्यांनी चप्पल खुर्चीखाली सारत विचारलं, "रॅप म्हंजी नेमकं काय?"

"तालावर बोलतात."

"मग भजन."

"नाही हो, एकमेकांशी भांडतात."

"मग भांडण."

"तालावर भांडतात."

"आन मारामारी कवा करत्यात?"

"मारामारी नसते."

"मग भांडून उपेग काय?" तात्यांनी विचारलं. मलाही कुठं ठाऊक होतं? मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

ट्रॉलीवर स्टेज केलेलं. ताल सुरू झाला आणि दाढीवाल्यानं तोंड उघडलं. खोटं कशाला सांगू, मला चारातला एक शब्द कळत होता, आणि जो कळत होता तो तात्यांना सांगण्यासारखा नव्हता. इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण ते इंग्रजी आमच्या पुस्तकात नव्हतं! समोर बसलेली नववीची पोरं मात्र खिदळत होती. ज्यांना एक धडा मी महिनाभर समजावत होते, त्यांना हे कसं काय पटापट कळत होतं?

"काय म्हणतोय, बाई?"

"तो... त्याच्या आईची चौकशी करतोय."

"चांगलं वळण हाय पोराला," तात्या म्हणाले.

मग उंच पाहुणा सुरू झाला. त्याचा आवाज असा, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. दाढीवाल्याच्या छातीला बोट लावून लावून बोलत होता. मैदानावर शिट्ट्यांचा नुसता कल्ला.

"आन ह्यो?"

"हा आजीचं विचारतोय."

"समद्या घराची याद ठेवत्यात," तात्या म्हणाले. पण आता त्यांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. दाढीवाल्याची पुढची पाळी झाली, पुन्हा उंच पाहुण्याची झाली. तात्या बोलणाऱ्याकडं बघतच नव्हते. आपल्या रीतीनं ते ज्याला बोलणं बसतंय त्याच्याकडं बघत होते. थोड्या वेळानं हळूच माझ्याकडं झुकले.

"बाई, तुमी शाळामास्तरीण. खोटं बोलू नगा. ह्या शिव्या हायत."

"तुम्हाला कसं कळलं?" माझा चेहरा लाल झाला असणार.

"रोज ऐकतो की घरी. चंद्रीला देत्यात तवा आमच्या दोघा पोरांच्या मानंची शीर आशीच फुगती." मग म्हणाले, "पर मला ह्ये उमगंना. ह्यो त्याच्या आईवरनं बोलतोय, आन त्यो मान डोलावतोय. हासतोय. मघाशी तर टाळी दिली. त्याला काय कळंना का?"

"सगळं कळतंय त्याला."

"मग?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, तात्या." आणि खरंच माहीत नव्हतं. पुढं तर कहरच झाला. ताल थांबला, घामानं निथळत दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि कडकडून मिठी मारली. पाठीवर थापा काय, हसणं काय! जत्रेत हरवलेले भाऊ सापडावेत तसं.

तात्या उठून उभे राहिले. दोघांना आमच्या टेबलापाशी बोलावलं. मला म्हणाले, "इचारा त्यास्नी, कोण हरलं?"

मी विचारलं. दोघांनी एकदमच स्वतःच्या छातीवर हात ठेवला. उंच पाहुणा म्हणाला, यानं मला खलास केलं. दाढीवाला म्हणाला, छे, छे, यानंच मला गाडलं.

मी तात्यांना सांगितलं. त्यांनी दोन्ही कान धरले. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. सुदृढ बालकाला कोणीच हरलं नव्हतं, घरी कोणीच हरलं नव्हतं, आणि इथं दोघंही हरले म्हणत होते.

"मग मघाशी घरदार काढलं एकमेकाचं, ते काय व्हतं? इचारा."

मी विचारलं. उंच पाहुणा बराच वेळ बोलला. मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. तो म्हणत होता, की पुण्याच्या कार्यक्रमासाठी आम्ही आठवडाभर एकमेकांचाच विचार करत होतो, उठता-बसता, जेवताना, त्याशिवाय हे रचता येत नाही. आणि ज्याला मी काही किंमतच देत नाही, त्याच्या तोंडासमोर उभं राहून इतका दम कशाला घालवू? त्याच्याशी मी बोलणारच नाही.

मी हे सगळं तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही.

"आटवडाभर त्येचाच इच्यार?" तात्या म्हणाले.

"हो."

"आन किंमत नसती तर बोललाच नसता?"

"तसं म्हणतोय तो."

तात्या खाली बसले. मैदानात 'निकाल, निकाल' असा गजर सुरू झाला. विकी माईक घेऊन घामाघूम. तात्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "निकाल राखून ठेवलाय."

जो काही गलका झाला म्हणता! विकी रडकुंडीला आला. "तात्या, इंटरनॅशनल पाहुणे आहेत, असं कसं चालंल? कुणालातरी द्या!"

"म्हणूनच," तात्या म्हणाले. "घाईनं द्यायला ही काय रांगोळी हाय?" आणि टेबलावरची ती सोनेरी, ढोपराएवढी ट्रॉफी त्यांनी सरळ आपल्या कापडी पिशवीत घातली. निकाल राखीव, तर बक्षीसही राखीव. पाहुणे पोट धरधरून हसले. दोघांनी तात्यांना मध्ये घेऊन फोटो काढले. फोटोत तात्यांच्या हातात पिशवी आणि चेहरा पेपर अवघड गेलेल्या पोरासारखा आहे.

मी मात्र वैतागले होते. शाळेत पोरांनी मला सोडलं नाही. कोणी गैरहजर राहिलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "आईची चौकशी करा, बाई!" आणि हे सगळं कशासाठी, तर या माणसाला एक निकाल देता येत नाही म्हणून! ना घरी, ना दारी.

आणि दुसरी एक पंचाईत झाली. पंचाच्या खुर्चीत बसलं की निकाल लागल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, ही तात्यांची रीत. तो निकाल तर लागलेलाच नव्हता. पाणी सोडून तर भागेना, मग तात्यांनी चहा सोडला. "आवो, पाव्हणं कवाच इमानानं गेलं त्येंच्या देशाला," काकू म्हणायच्या, "घ्या की घोटभर." ते मान हलवायचे. दिवसाला आठ-दहा कप पिणारा माणूस. डोकं धरून अंगणात बसलेले असायचे. मला बघितलं की बोलवायचे आणि तेच तेच विचारायचे. "बाई, आधी भांडलं, मग मिठी मारली. ह्यातलं खरं कंचं?" मी म्हणायचे, "दोन्ही खरं असेल." ते म्हणायचे, "आसं कसं आसंल?" आणि परत कान.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बारामतीला बदली झाली. शाळेतला शेवटचा दिवस आटोपून, हातात नारळ आणि शाल घेऊन मी थांब्यावर आले, तर तात्यांच्या वस्तीवरून आरडाओरडा ऐकू आला. वाटलं, आज दोघं हातघाईवर आले. नारळ तिथंच बाकावर ठेवून मी पळत अंगणात गेले.

संपत आणि दत्ता समोरासमोर उभे होते. हातभर अंतरावर. संपत दत्ताच्या छातीवर बोट लावून लावून बोलत होता, मानेची शीर फुगलेली. दत्ताच्या मुठी आवळलेल्या, पण तोंड बंद. मध्ये एका उपड्या घमेल्यावर तात्या बसलेले, शेजारी मोटारीच्या पाइपाखाली बादली भरत लावलेली. बादली काठोकाठ भरली तशी तात्यांनी हात वर केला. संपत अर्ध्या शिवीत थांबला. तात्यांनी बादली झाडाच्या आळ्यात ओतली, परत पाइपाखाली लावली आणि दत्ताला म्हणाले, "हं, तुजी पाळी."

दत्ता सुटला. डाळिंबाची फुलं, कॉक, पोराच्या जावळाला न आलेला भाऊ, सगळं बाहेर. संपत ऐकत होता. ऐकावंच लागत होतं. बादली भरायची होती.

"तात्या, हे काय चाललंय?" मी धापा टाकत विचारलं. "थांबवा ना! शिव्या देतायत एकमेकांना!"

"व्हय," तात्या म्हणाले. "एकमेकास्नी देत्यात."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हाताकडं गेलं. हातात बशी होती, आणि बशीत चहा. ते फुर्रकन ओढत होते. दारात ताराकाकू किटली घेऊन उभ्या होत्या.

"म्हणजे निकाल लागला? कोण जिंकलं?"

तात्यांनी बशीनंच गोठ्याकडं दाखवलं. "चंद्री."

"कोण?"

"म्हस वो, बाई. इतकी वर्सं दोघांच्या शिव्या बिचारी खात आली. आज सुटली." बघते तर ती सोनेरी ट्रॉफी खरंच चंद्रीच्या गव्हाणीवर ठेवलेली, आणि चंद्री तिच्याशेजारी रवंथ करत उभी.

मला हसावं की काळजी करावी तेच कळेना. हे त्यांनी मुद्दाम घडवून आणलं होतं, की काहीच सुचेना म्हणून त्या पाहुण्यांची नक्कल केली होती? आणि उद्या या पोरांनी खरंच डोकी फोडली तर? विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी वळले. बादली भरून वाहायला लागली होती. तात्यांनी हात वर केला, पण दत्ता थांबेना. त्याचा आवाज फुटला होता.

"दादा, तू हलकट हायस! लई हलकट हायस, दादा!"

संपत खाली बसला आणि वाहणाऱ्या पाण्यात हात घालून तोंडावर मारायला लागला. ताराकाकूंच्या हातातली किटली कलंडली होती आणि चहा पायावर सांडत होता. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"ऐकलं न्हवं, बाई?" त्या म्हणाल्या. "दादा म्हणला."